टोक धरलेला माणूस

मी एक जुना दोर आहे. माझं एक टोक कमरेला बांधून वीरप्पा नावाचा माणूस मेला, आणि मेल्यावरसुद्धा त्यानं दुसऱ्या टोकाचा माणूस पडू दिला नाही.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचं असतं, एवढं मलाही कळतं. तेव्हा आपण असं धरून चालू की वीरप्पा ठणठणीत आहेत, आत्ताच भाकरी खाऊन हात धुताहेत, आणि मी अजून दोर झालेलोच नाही. मी अंबाडी आहे.

अंबाडीचं बालपण फार सुखाचं असतं. ते तीन महिन्यांत संपतं. मग मला कापलं, ढवाच्या साचलेल्या पाण्यात बुडवून कुजवलं, दगडावर आपटलं, लाकडी मोगरीनं बडवलं आणि शेवटी सोलून काढलं. ईट गावच्या वेशीबाहेर एक म्हातारं जोडपं दोर वळायचं. म्हातारा पीळ द्यायचा, म्हातारी पेड धरायची. दोघांचं दिवसभर कडाक्याचं भांडण चालायचं आणि त्या भांडणाच्या लयीत माझे तीन पेड एकमेकांवर आवळले जायचे. ज्या दिवशी ती दोघं गोडीत असत, त्या दिवशीचा दोर ढिला निघे. माझ्या वेळी म्हातारीनं म्हाताऱ्याला मोगरी फेकून मारली होती. म्हणून मी इतका घट्ट आहे.

मी शंभर हात लांब होतो. एवढा लांब दोर कुणी विहिरीला घेत नाही. मला घेतलं ते जैनोद्दीननं.

जैनोद्दीन चिंचढवचा झाडं चढणारा. ते निजामाचं राज्य होतं. घरावर वाकलेली फांदी उतरवायची, चिंचा पाडायच्या, मोहोळ काढायचं, सावरीची बोंडं आणायची, तर दहा गावांत त्यालाच बोलावणं जाई. त्याच्या जोडीला वीरप्पा. जैनोद्दीन वर आणि वीरप्पा खाली. वीरप्पांचं वय पन्नाशीचं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि उंचीचं भय एवढं, की माळवदावर वाळत घातलेली मिरचीसुद्धा त्यांची बायको सिद्धम्मा आणायची. जैनोद्दीन त्यांना अप्पा म्हणे. ते त्याला जैनू म्हणत, आणि तो जमिनीवर असला की शिव्या देत.

आमचं काम असं चाले. आधी दगड बांधलेली सुतळी वरच्या बेचक्यातून पलीकडे फेकायची आणि तिच्यामागून मला ओढून घ्यायचं. माझं एक टोक जैनोद्दीनच्या कमरेला. दुसरं टोक झाडाच्या जाड मुळाला तीन वेढे देऊन वीरप्पांच्या कमरेला. ज्याच्या हातात टोक, त्याच्या हातात वरचा माणूस. वीरप्पांनी ढील दिली तर जैनोद्दीन खाली येणार, नाही दिली तर नाही येणार. खालच्यानं टोक कमरेला का बांधायचं? तर पळून जावंसं वाटलं तरी पळता येऊ नये म्हणून. फार विचार करून काढलेली पद्धत होती ती.

त्यांचे कायदे थोडेच होते, पण निजामाच्या कायद्यांपेक्षा ते जास्त पाळले जात. रोज सकाळी डोळे मिटून दोर हातानं चाचपायचा, कारण डोळ्याला चांगला पेड दिसतो आणि बोटाला तुटका. कमरेला निरगाठच मारायची, सुरगाठ नाही, आणि गाठीपुढं वीतभर शेपूट सोडायचं. फांदी बदलताना वरच्यानं विचारायचं, "पक्की?" आणि खालून "पक्की!" आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. वर माणूस असेपर्यंत खालच्यानं टोक सोडायचं नाही. आणि खालच्याला "सरका" म्हणून तो "सरकलो" म्हणेपर्यंत वरून काही पाडायचं नाही, मग ते बोंड असो, फांदी असो की मोहोळ.

दरसाल हंगामाआधी माझी परीक्षा व्हायची. त्यासाठी गावातला सगळ्यात जड माणूस लागायचा. तो म्हणजे कल्याणप्पा, किराणा दुकानवाले. त्यांना वेशीतल्या चिंचेला हातभर उचलून लटकवायचं आणि शंभर आकडे म्हणायचे. सगळं गाव जमायचं.

"अप्पा, उतरवा आता, पोटात कळ यायली," कल्याणप्पा ओरडत.

"साठ झाले. गप ऱ्हावा. तुमी बोलला की दोर हालतो."

"मागल्या साली तर तुमी सत्तरनंतर परत पन्नास म्हनले!"

"तवा तुमी लाडू खाऊन आल्ते."

मित्रांनो, माझ्या कौतुकाचे दिवस ते हेच. त्या काळात मी एकदाही माणूस सोडला नाही. नळदुर्गकडून एक चढणारा आला होता, नव्या कोऱ्या चकचकीत दोरानं. त्यानं कमरेला सुरगाठ मारली, कारण ती दिसायला छान दिसते. तो चिंचेवरून पडला तेव्हा त्याची दोन्ही मनगटं उलटी झाली आणि जबड्याचं हाड कानाजवळ आलं. त्याचा दोर मात्र शेवटपर्यंत चकचकीत होता. वीरप्पांनी त्याला बैलगाडीत घालताना एवढंच विचारलं, "शेपूट किती सोडलं व्हतं?" त्याला उत्तर देता आलं नाही. जबड्यामुळं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं.

त्या साली आमच्या भागात माणसं फार मरू लागली. रस्त्यात, खळ्यावर, दुकानाच्या पायरीवर. गावोगावी बंदूकवाले फिरत. ते सरकारी नव्हते, पण सरकारी असल्यासारखे बसत, आणि त्यांच्या म्होरक्याला सगळे जमादार म्हणत. शेजारच्या वस्तीवर त्यांनी गंजीला आग लावली, आणि माणसं बाहेर आली तशी एकेकाला टिपलं. दोन दिवस मला तिकडे नेलं होतं. विहिरीतून जे काढलं त्या घागरी नव्हत्या. त्यानंतर वीरप्पांनी मला सात वेळा धुतलं.

आणि एका सकाळी कल्याणप्पांच्या रानातल्या सावरीच्या शेंड्यावर तिरंगा दिसला.

ही सावर सबंध इलाख्यात प्रसिद्ध. चाळीस हात सरळ खोड, त्याला एक फांदी नाही, नुसते काटे, अंगठ्याएवढे. वर बेचकं, बेचक्याच्या बाजूला आग्या मोहोळ, परातीएवढं. तो झेंडा जैनोद्दीननंच लावला होता. त्याला राजकारणातलं काही कळत नव्हतं. सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीतली दोन पोरं आली होती आणि म्हणाली होती, "राहू दे जैनूभाई, ही सावर तुमच्यानं होणार नाही." चिंचढवच्या चढणाऱ्याला असं म्हणायचं नसतं. देशासाठी त्यानं तेवढ्या घाईनं काही केलं नसतं.

जमादार सहा माणसं घेऊन आले. गाव गोळा केलं.

"कौन चढाया रे ये?"

सगळे वर झेंड्याकडं बघू लागले.

"अच्छा. ये झाड पे चढ कौन सकता?"

हा प्रश्न सोपा होता. सगळ्या गावाला उत्तर येत होतं आणि ते कौतुकाचं होतं. त्यामुळं चार-पाच जण एकदमच म्हणाले, "जैनोद्दीन! दुसरा कोन चढतंय!"

म्हणून तर म्हणतो मित्रांनो, गावात फार नावाजलं जाऊ नये.

जैनोद्दीनला धरून आणलं. जमादारांनी त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला. दोन दात पडले. मग जमादारांच्या ध्यानात आलं की झेंडा काढायलाही हाच लागणार. त्यांनी त्याला प्यायला पाणी दिलं.

"अपना आदमी होके ये काम?"

"काम तो काम है, जमादारसाब," जैनोद्दीन रक्त थुंकत म्हणाला. "लेकिन गाठ पक्की मारली बगा ज्यानं मारली."

माझी बांधाबांध सुरू झाली. एक टोक जैनोद्दीनच्या कमरेला, दुसरं तीन वेढ्यांनंतर वीरप्पांच्या. गाठ आवळता आवळता वीरप्पा हळूच म्हणाले, "जैनू, झेंडा खाली आला की तुजं काम संपलं. मंग तू बी संपला."

"मंग काय करू, अप्पा?"

"वरच बस."

जैनोद्दीन चढला. काट्यांतून मांड्या सोलत चढला, बेचक्यात जाऊन बसला आणि तिथंच राहिला.

घडीभर खाली कुणाला काही कळलं नाही. मग जमादार ओरडले. मग त्यांनी बंदूक रोखली. मग ती खाली घेतली. त्याला मारलं तर झेंडा वरच राहणार होता, आणि शेजारी प्रेतही. त्यांनी हा हिशोब दोनदा केला. दोन्ही वेळा तोच आला.

"रस्सी काटो!"

"काटली तर त्यो बी वरच आन् झेंडा बी वरच," कल्याणप्पा मागून म्हणाले.

"तो झाड काटो!"

कल्याणप्पांनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःहून लटकले. म्हणाले, "साहेब, सावर परवान्याशिवाय तोडता येत न्हाय. दंड हाय. कलम हाय."

मित्रांनो, शेजारच्या वस्तीवर अकरा माणसं मारून आलेली ही टोळी होती. माणसांना परवाना लागत नव्हता. पण कलम म्हटल्यावर जमादार थबकले. त्यांनी एका माणसाला घोड्यावर बसवून ईटला पाठवलं, परवाना आणायला. कल्याणप्पांना मात्र दस्त्यानं गुडघ्यावर मारलं. वाटी फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग जमादारांचं लक्ष वीरप्पांकडं गेलं.

"ढील दे. उतार उसको."

"वरून सांगितल्याबिगर ढील देता येत न्हाय, साहेब. कायदा हाय आमचा."

पहिला दस्ता पाठीत बसला. तो मी ऐकला नाही, मला तो जाणवला. खालपासून वरपर्यंत माझ्या सगळ्या पेडांतून एक हादरा गेला आणि जैनोद्दीनच्या कमरेशी थांबला.

"अप्पा!" वरून हाक आली.

"पक्की!" वीरप्पा म्हणाले.

दुसरा बरगडीत. "पक्की!" तिसरा खांद्यावर, तिथलं हाड बाहेर आलं. "पक्की!" वरच्या माणसाला दोर सुटल्यासारखं वाटू नये म्हणून ते प्रत्येक फटक्यानंतर सांगत होते. मारणाऱ्याला वाटलं, हा कुण्या देवाचं नाव घेतोय. त्यानं जोर वाढवला.

"अप्पा, ढील द्या! मी उतरतो!"

"गप बस रं, भाड्या. उतरायचं न्हाय."

"वैनीला काय सांगू मी?"

"सांग, टोक सोडलं न्हाय म्हनावं."

दोघांनी वीरप्पांना पाय धरून मागं ओढलं. पण जितकं ओढावं तितके मुळावरचे माझे वेढे आवळत जायचे. दोरातलं त्यांना काही कळत नव्हतं. वीरप्पांची कातडी माझ्याखाली सोलत गेली आणि माझ्या पिळात अडकली. मी सोडू शकत नव्हतो. निरगाठ होती आणि शेपूट वीतभर होतं.

आता जैनोद्दीनच्या हाताजवळ मोहोळ होतं. कमरेला कोयता होता. आणि खाली, मोहोळाच्या बरोब्बर खाली, सहा बंदूकवाले होते. एक घाव घातला असता तर सगळं मिटत होतं.

"अप्पा, सरका!" तो ओरडला.

वीरप्पांना कळलं. गावातल्या लेकरालाही कळलं; गाव कल्याणप्पांना घेऊन मागं सरकलं. "सरका" म्हणजे वरून काहीतरी येणार. पण सरकायचं तर कमरेची गाठ सोडायला हवी, आणि वर माणूस असताना टोक सोडता येत नाही. शिवाय आग्या मोहोळ उठल्यावर वरच्या माणसाला फांदी दिसत नाही. तेव्हा दोर हीच त्याची फांदी.

"तू पाड," वीरप्पा म्हणाले. तोंडातून फेस येत होता. "म्या इथंच हाय. पाड."

"सरकल्याबिगर न्हाय पाडत! सरका म्हनतो ना!"

"तुज्या बापाचा कायदा हाय व्हय रं? पाड!"

"व्हय! तुमीच लावला!"

आता सांगा. एकाचा कायदा टोक सोडू देईना, दुसऱ्याचा मोहोळ पाडू देईना. दोघांपैकी एकानंही तेवढ्यापुरती बेशिस्त केली असती, तर निदान एक शहाणा ठरला असता. दहा वर्षांत त्यांनी एकमेकांना चांगलं वळण लावलं होतं. त्या वळणात मी मधे बांधलेला होतो.

सातवा की आठवा फटका डोक्यात बसला. टरबूज टाकल्यासारखा.

हादरा वर गेला. खालून "पक्की" आलं नाही.

"अप्पा, पक्की?"

काही नाही.

"अप्पा... पक्की?"

जमादार म्हणाले, "मरा क्या?" एकानं पायानं उलटवून पाहिलं.

"अप्पा," तिसऱ्यांदा वरून आलं, फार हळू, "सरकला का?"

मग कोयता चालला.

मोहोळ चाळीस हातांवरून जमादारांच्या पायाशी फुटलं. त्यानंतर काय झालं ते लहान मुलांना सांगू नये, पण मी दोर आहे, मला कुणी शिकवलेलं नाही. जमादारांचं तोंड दिसेनासं झालं, तिथं नुसतं काळं, हलणारं काहीतरी होतं. एकानं माश्यांवर गोळी झाडली, ती त्याच्या जोडीदाराच्या पोटात गेली. दोघं विहिरीकडे पळाले आणि विहीर आल्यावर थांबले नाहीत. जमादार हातपाय झाडत तिथंच सुजत गेले आणि दुपारपर्यंत एवढे मोठे झाले, की माझ्या परीक्षेला कल्याणप्पांच्या जागी चालले असते. उरलेले दोघं कुठं गेले माहीत नाही. परवाना आणायला गेलेला परवाना घेऊन आला, रानातलं दृश्य पाहिलं, आणि परवान्यासकट परत गेला.

माश्या वरही गेल्या. जैनोद्दीनचे डोळे मिटले, हात सुटले आणि तो बेचक्यातून घसरला. सबंध माणसाचं वजन झटक्यानं माझ्यावर आलं. माझा एक पेड तुटला. पण दुसऱ्या टोकाला वीरप्पा होते, मुळाला तीन वेढे होते. वीरप्पा बोटभरही हलले नाहीत. जिवंतपणी त्यांनी इतकं चांगलं कधी धरलं नव्हतं.

सिद्धम्मा आली ती घोंगडी पांघरून, माश्यांतून. नवऱ्याकडं तिनं एकदाच पाहिलं. मग वर पाहिलं. बेचक्यापासून दहा हात खाली लोंबकळत असलेला जैनोद्दीन नुसता कण्हत होता. बाईनं दोर धरायची आमच्याकडं रीत नव्हती. तिनं नवऱ्याच्या कमरेपासून माझं टोक वरून पडलेल्या कोयत्यानं तोडलं, माझा वेढा स्वतःच्या कमरेभोवती घेतला, पाय मुळाला लावला आणि ओरडली, "जैनूभाऊ! पक्की हाय! ढील देते!"

चढणारा आवाज ओळखून पाय उचलतो.

"वैनी?"

"व्हय. आता उतरा."

एकेक वेढा सोडत तिनं त्याला खाली घेतलं. तिच्या तळहातांची सालं माझ्यावर राहिली. जैनोद्दीन जमिनीवर आला तेव्हा त्याला काहीच दिसत नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि रोज सकाळच्यासारखा मला चाचपत निघाला, हातभर, हातभर, तुटक्या पेडावरून, मुळावरून, तोडलेल्या टोकापर्यंत. तिथून पुढं त्याची बोटं जमिनीवर फिरली आणि वीरप्पांना लागली. वीरप्पांच्या कमरेला गाठ तशीच होती. त्यानं शेपूट मोजलं. वीतभर होतं.

यानंतर माझी उपेक्षा सुरू झाली, मित्रांनो, आणि ती थोडक्यात सांगतो. मला पुरावा म्हणून जप्त केलं. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कारकून बदलले, कागद तेच राहिले. त्या कागदावर लिहिलं होतं: मयत वीरप्पा, सावरीच्या झाडावरून पडून मेला. कारण, दोर कुचकामी.

जैनोद्दीनला दहा गावांत कुणी बोलावेना. कागदानुसार ज्यानं आपला जोडीदार पाडला त्याला कोण बोलावणार? त्यानं चढणं सोडलं आणि तेरखेड्याला फटाक्यांत दारू ठासायच्या कामाला गेला. सिद्धम्मा कचेरीत गेली. मी तिथंच कपाटावर होतो, सगळं ऐकलं.

"ते पडले न्हाईत, साहेब. ते खालीच व्हते."

"बाई, झाडावरून पडलेला माणूस खालीच असतो."

"पर ते वर गेलेच न्हवते. जल्मात कधी गेले न्हवते."

"वर गेले नव्हते तर पडले कुठून?"

"पडलेच न्हाईत!"

"मग मेले कसे?" कारकुनानं कागद तिच्यापुढं धरला. "हे पाहा, इथं लिहिलंय ना, पडून."

ती अकरा वेळा आली. बाराव्या वेळी आली नाही. कागदोपत्री वीरप्पा अजून झाडावर आहेत, आणि रोज पडतात.

माझे आता तुकडे केलेत. दफ्तरं बांधायला. ज्या गठ्ठ्यात तो कागद आहे, तोही माझ्याच एका तुकड्यानं बांधला आहे, आणि कुणीतरी त्याला सुरगाठ मारली आहे. बालमित्रांनो, दोराची काळजी घ्या, त्याला रोज बोटांनी वाचा, शेपूट वीतभर सोडा. आणि ज्याला तुम्ही धरलंय त्याच्याशी बोलत राहा.

बाकी माझं म्हणणं मी रीतसर लिहून देत आहे.

मेहेरबान हुजुरांच्या सेवेशी विनंती अर्ज ऐसा की, मौजे चिंचढव येथील मयत वीरप्पा वल्द शिवलिंग हे सरकारी नोंदीनुसार आजतागायत सावरीच्या झाडावर आहेत. सदर इसमास उंचीचे भय असल्याने त्यांची फार गैरसोय होत आहे. सबब त्यांस मागील तारखेपासून कागदोपत्री सुखरूप जमिनीवर उतरवून घेण्यात यावे. उतरवण्याकामी दोराची गरज पडल्यास अर्जदार तुकड्यांनिशी हजर आहे. कळावे.